पुडक्यावरच्या बारीक अक्षरांचा इतिहास



आज आपण एका रोजच्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. दुकानातून आणलेलं पाकीट. बिस्किटाचं असो, सोयाबीन वडीचं असो, हिंगाचं नाहीतर भडंगाचं असो. त्याच्या पुढच्या बाजूला एका चौकोनात हिरवा ठिपका असतो. आपल्या गटातल्या ज्या मावशींना वाचता येत नाही, त्यांनाही तो बरोबर कळतो. हिरवा म्हणजे शाकाहारी, खायला हरकत नाही.

पण गावोगावच्या बैठकांत आम्ही आणखी एक गोष्ट ऐकतो. कुणाच्या नातवाला बिस्किट खाल्लं की अंगावर गांधी उठतात. कुणाच्या लेकीचं पोट महिनोन्‌महिने फुगलेलं असतं, वजन वाढत नाही. कुणाला बेदाणे खाल्ले की दम लागतो. आणि घरातलं माणूस म्हणतं, "अगं, शाकाहारीच तर आहे, त्याने काय होतंय?"

होतं, मैत्रिणींनो. गहू शाकाहारी आहे, शेंगदाणा शाकाहारी आहे, सोयाबीन, काजू, तीळ सगळं शाकाहारी आहे, आणि कायद्याने दूधही शाकाहारीत धरलं आहे. यातलं काहीही एखाद्याच्या शरीराला चालत नाही असं असू शकतं. हिरवा ठिपका त्याबद्दल काही सांगत नाही. ते सांगतात पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं. ठिपका आणि अक्षरं एकाच पाकिटावर असली, तरी दोघांचा जन्म वेगवेगळ्या कारणांनी झाला. तो इतिहास समजला की पाकीट कुठे आणि कसं वाचायचं हे आपोआप समजतं.

आधी जुन्या काळाकडे बघू. आपल्या आजी-पणजीला ॲलर्जी हा शब्द माहीत नव्हता, पण गोष्ट माहीत होती. "त्याला शेंगदाणा सोसत नाही", "हिला वांगं बाधतं", असं त्या म्हणायच्या. तेव्हा सांभाळणं सोपं होतं, कारण ताटातलं सगळं घरातच बनलेलं असायचं. पीठ आपल्या जात्याचं, कूट आपल्या खलबत्त्यातलं. ज्याला जे बाधतं ते त्याच्या वाटीत पडू द्यायचं नाही, एवढंच. पुडक्यातलं खाणं आलं आणि कशात काय पडलं हे रांधणाऱ्या बाईला दिसेनासं झालं.

ॲलर्जी हा शब्द 1906 साली व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी वापरात आणला. शरीर एखाद्या बाहेरच्या पदार्थाला नेहमीपेक्षा वेगळा प्रतिसाद देतं, असं त्यांना सांगायचं होतं. पण रक्तातला नेमका कोणता घटक हे घडवतो, ते समजायला आणखी साठ वर्षं गेली. 1966च्या सुमारास अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवरा-बायकोंनी तो शोधून काढला. त्याला आयजीई म्हणतात. आज डॉक्टर ॲलर्जीसाठी जी रक्ताची तपासणी लिहून देतात, ती बहुधा याचीच असते. या शोधात तेरुकोबाईंचा बरोबरीचा वाटा होता, हे मुद्दाम सांगतो.

आता गव्हाची गोष्ट. ही गोष्ट ॲलर्जीची नाही, तिच्या शेजारच्या एका आजाराची आहे. त्याला सिलिॲक म्हणतात. गव्हात, जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो तो त्याचाच. सिलिॲक असलेल्या माणसाने ग्लुटेन खाल्लं की आतड्याच्या आतलं अस्तर हळूहळू खराब होतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेलं पोट, काड्यांसारखे हातपाय, अंगात रक्त कमी.

1888 साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी अशा मुलांचं नीट वर्णन लिहिलं. उपाय झाला तर तो खाण्यातूनच होईल, असा त्यांचा अंदाज होता. पण कोणतं खाणं सोडायचं, हे त्यांना सापडलं नाही. 1924 साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवून बघितलं. सोबत ब्रेड, बटाटा, धान्य बंद. मुलं सुधारली आणि सगळं श्रेय केळ्याला गेलं. पुढे कित्येक वर्षं केळं हेच औषध समजलं गेलं. खरं तर गुण आला होता तो ब्रेड थांबल्यामुळे. मुलं बरी झाली म्हणून पुन्हा ब्रेड खायला लागली की दुखणं परत यायचं.

हे कोडं सोडवलं हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. ते हेग शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात काम करायचे. 1930च्या दशकात त्यांचं लक्ष गव्हाकडे वळलं. त्यामागे एका आईचं बोलणं होतं असं त्यांच्याबद्दलच्या लेखनात नोंदलेलं आहे. आजारी मुलाचा ब्रेड बंद केला की अंगावरचं पुरळ लगेच कमी होतं, असं त्या बाईने सांगितलं होतं. डॉक्टरांनी ते उडवून लावलं नाही. त्यांनी मुलांना गहू न देता बघायला सुरुवात केली.

मग दुसरं महायुद्ध आलं. 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. ब्रेड मिळेना, लोकांनी ट्यूलिपच्या फुलांचे कंदसुद्धा खाल्ले. सगळा देश उपाशी असताना सिलिॲकची मुलं मात्र आधीपेक्षा बरी दिसत होती. युद्ध संपताना ब्रेड परत मिळायला लागला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांच्या आधीच्या निरीक्षणांना बळकटी मिळाली. 1950 साली त्यांनी आपला प्रबंध मांडला, आणि सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं की दोष गव्हाच्या पिठातल्या ग्लुटेनचा आहे.

आपल्या ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांत ग्लुटेन नाही. दख्खनच्या गावांत भाकरी रोजची होती आणि पोळी सणावाराला. आज रोज पोळी आहे, सकाळी चहासोबत बिस्किट आहे, पोरांच्या डब्यात मैद्याच्या शेवया आहेत. म्हणून ज्या घरात आधी कुणाला हा त्रास जाणवला नव्हता, तिथेही आता तो दिसू शकतो.

आता पाकिटाकडे वळू. आपल्या देशात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 साली झाला. त्यावेळची काळजी भेसळीची होती. हळदीत रंग, दुधात पाणी, तेलात दुसरं तेल. फसवणूक थांबवणं हा त्याचा हेतू होता. चांगला, शुद्ध गहूसुद्धा एखाद्याला आजारी पाडू शकतो, हा विचार त्या कायद्याच्या केंद्रस्थानी नव्हता.

2000 ते 2002 या काळात याच कायद्याच्या नियमांत बदल होऊन आधी मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी आणि मग शाकाहारी पदार्थासाठी हिरवी खूण आली. आपल्या देशात खाण्याचा संबंध धर्माशी, व्रताशी, घराच्या रीतीशी आहे. शाकाहारी माणसाच्या तोंडात नकळत अंडं किंवा चरबी जाऊ नये, म्हणून ही खूण. तिने ते काम चोख केलं. अलीकडे मांसाहारी खूण गोल ठिपक्याऐवजी त्रिकोणी झाली, म्हणजे ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांनाही ती कळावी. पण दूध या नियमात पहिल्यापासून शाकाहारी आहे. म्हणून ज्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी हिरवा ठिपका म्हणजे दूध नाही अशी हमी नव्हे.

शरीराला काय चालत नाही हे लिहिण्याची रीत जगात वेगळ्या वाटेने आली. 1963 साली जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून कोडेक्स नावाचं मंडळ स्थापन केलं. सगळ्या देशांना उपयोगी पडतील असे अन्नाचे नियम करणं हे त्याचं काम. 1999 साली या मंडळाने सांगितलं की काही पदार्थ पाकिटात असतील तर ते नेहमी जाहीर केलेच पाहिजेत. त्यात ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जीव, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सोयाबीन, दूध, काजू-बदामासारखा सुकामेवा आणि सल्फाइट ही नावं होती.

सल्फाइट म्हणजे गंधकापासून बनलेलं टिकवणद्रव्य. त्याची किलोला 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा असेल तर ते लिहायचं. अमेरिकेत सल्फाइट मारलेल्या सॅलडने दम्याच्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता, काही जण दगावलेही. म्हणून 1986 साली तिथे ताज्या भाज्या-फळांवर ते वापरायला बंदी आली. आपल्याकडे पिवळेधमक बेदाणे दिसतात ना, तो रंग टिकावा म्हणून त्यांना बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते. ज्याला दमा आहे त्याने त्या पाकिटाची मागची बाजू वाचावी. तिथे सल्फाइट असं नाव किंवा 220 ते 228 यांतला एखादा आकडा दिसेल.

आपल्या देशात अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 साली झाला. त्याखालच्या 2020 सालच्या लेबलच्या नियमांत ॲलर्जीचे पदार्थ वेगळे जाहीर करण्याची सक्ती आली. यादी जवळजवळ तीच, 1999 सालची. म्हणजे जगाने यादी केली त्यानंतर 21 वर्षांनी ती आपल्या पाकिटावर अशी सक्तीने पोचली. त्यामुळे आज अनेक पाकिटांवर घटकांच्या यादीखाली ठळक अक्षरांत एक ओळ दिसते: "कंटेन्स व्हीट, मिल्क, सोया". म्हणजे यात गहू, दूध, सोयाबीन आहे. दुसरी ओळ असते: "मे कंटेन नट्स". म्हणजे मुद्दाम घातलेलं नाही, पण त्याच यंत्रावर, त्याच जागेत सुकामेव्याचा माल बनतो, त्यामुळे कण मिसळलेले असू शकतात.

2022 साली आपल्याकडे व्हीगन पदार्थांचेही नियम झाले आणि त्यांना हिरव्या रंगाची वेगळी खूण मिळाली. व्हीगन म्हणजे ज्यात दूध, तूप, मध असं प्राण्यापासून आलेलं काहीच घातलेलं नाही असा पदार्थ. सोयाबीनचं दूध, नारळाचं दही, सोयाचं खोटं मटण, असे पदार्थ आता तालुक्याच्या दुकानातही दिसतात. दूध न चालणाऱ्याला वाटतं, हे आपल्यासाठीच आहे. पण इथेही थोडं थांबायला हवं.

इंग्लंडमध्ये बाथ शहरात 2017च्या डिसेंबरमध्ये एक बाई भाज्यांची पोळी विकत घेऊन खाऊन गेली. तिला दुधाची तीव्र ॲलर्जी होती. पोळीत नारळाचं, दूध नसलेलं म्हणून विकलेलं दही होतं. ती त्याच दिवशी दगावली. 2022 साली चौकशीचा निकाल आला. दही घट्ट व्हावं म्हणून घातलेल्या स्टार्चमध्ये दुधाचं प्रथिन मिसळलं गेलं होतं. दही बनवणाऱ्याने दूध घातलं नव्हतं. ते कच्च्या मालातून आलं होतं.

त्याआधी, 2016 साली, लंडनहून फ्रान्सला निघालेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीने विमानतळावर भाज्या भरलेला पाव घेतला. तिला तिळाची ॲलर्जी होती. तीळ पावाच्या कणकेत मळलेले होते, वरून दिसत नव्हते. पाकिटावर घटकांची यादी नव्हती, कारण दुकानातच बनवून तिथेच बांधलेल्या पदार्थाला तेव्हा यादीची सक्ती नव्हती. मुलगी वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी लढा दिला, आणि 2021च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये अशा पाकिटांवरही पूर्ण यादी लिहिणं बंधनकारक झालं. तिथे त्याला त्या मुलीच्या नावाने नताशाचा कायदा म्हणतात.

तिळाबद्दल आपण विशेष लक्ष द्यायला हवं. युरोपच्या यादीत आज 14 नावं आहेत, त्यात तीळ आणि मोहरी आहे. अमेरिकेने 2023 पासून तीळ यादीत घेतले. आपल्या 2020च्या यादीत मात्र तीळ नाहीत, मोहरीही नाही. म्हणून "कंटेन्स" या ओळीत तीळ लिहिलेले नसले, तरी वरच्या घटकांच्या यादीत ते असू शकतात. फक्त ठळक ओळ वाचून भागत नाही.

मग वाचायचं कसं? आम्ही गटांमध्ये असा क्रम सांगतो.

पहिल्यांदा पाकीट उलटं करा. "इंग्रेडियंट्स" किंवा "घटक" या शब्दाखालची यादी शोधा. जे वजनाने सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी लिहिलेलं असतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत नाचणी लिहिलेलं बिस्किट घ्या. मागे बऱ्याचदा पहिलं नाव मैद्याचं निघतं.

दुसरं, त्याच पदार्थाची दुसरी नावं ओळखा. मैदा, सुजी, रवा म्हणजे गहूच. माल्ट म्हणजे बहुधा जव. व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स म्हणजे दूध. लेसिथिन 322 बहुधा सोयाबीनपासून आलेलं असतं. सोया चापमध्ये बऱ्याचदा मैदाही असतो. आणि आपलं हिंग! बाजारातलं बांधानी हिंग म्हणजे थोडं खरं हिंग आणि त्यात गव्हाचं पीठ नाहीतर तांदळाचं पीठ आणि डिंक. सिलिॲक असलेल्या मुलाला भाकरी दिली, पोळी बंद केली, आणि रोज फोडणीत गव्हाचं हिंग गेलं, तर दुखणं थांबेल कसं?

तिसरं, "कंटेन्स" आणि "मे कंटेन" या दोन्ही ओळी बघा. ज्याला तीव्र त्रास होतो त्याच्यासाठी दुसरी ओळही पहिलीइतकीच महत्त्वाची. "ग्लुटेन फ्री" लिहिलेलं असेल तर नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन त्यात चालत नाही.

चौथं, दर खेपेला वाचा. नेहमीचं पाकीट असलं तरी कंपनी घटक बदलू शकते. यादी इंग्रजीत किंवा हिंदीत असली की नियम पुरा होतो. मराठीची सक्ती नाही. म्हणून गटातल्या शिकलेल्या मुलींनी गहू, दूध, सोया, शेंगदाणा, सुकामेवा या पाच शब्दांची इंग्रजी अक्षरं एका जाड कागदावर मोठी लिहून सगळ्यांना द्यावीत. अक्षर न येणारी बाईसुद्धा कागद पाकिटाशेजारी धरून आकार जुळवू शकते.

एक काळजी मात्र घ्यायची. मनानेच मुलाचं दूध, गहू, डाळ बंद करू नका. वाढीच्या वयात त्याने दुसरंच नुकसान होतं. काय खाल्लं आणि किती वेळाने काय झालं हे पंधरा दिवस वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. सिलिॲकची रक्ततपासणी करायची असेल तर त्याआधी गहू सोडू नका, नाहीतर तपासणीत आजार दिसत नाही. आणि काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, उलट्या होऊन चक्कर आली, तर हळद-लिंबू करत बसू नका. 108ला फोन करा, दवाखाना गाठा. तिथे वेळेवर मिळालेलं इंजेक्शन जीव वाचवतं.

आता आपल्याच कामाबद्दल. आपण नुसत्या विकत घेणाऱ्या नाही, बनवणाऱ्याही आहोत. गटांची थालीपीठ भाजणी, मेतकूट, शेंगदाणा चटणी, तिळाचे लाडू, पापड जत्रेत, प्रदर्शनात विकले जातात. भाजणीत गहू असतो, मेतकुटात गहू असतो, पापडाच्या हिंगातही असू शकतो. घेणाऱ्या बाईला हे कसं कळणार? लंडनच्या त्या दुकानात आणि आपल्या टेबलावरच्या पिशवीत यादी नसेल, तर धोका सारखाच आहे.

म्हणून आमचं सांगणं असं. हिंगासकट सगळे घटक पिशवीवर मराठीत लिहा. तीळ, मोहरी, शेंगदाणा कायद्याच्या ओळीत असो वा नसो, ठळक लिहा. ज्या गिरणीत गहू दळतात तिथेच नाचणी दळून आणली असेल तर "यात गव्हाचे कण असू शकतात" असं लिहा आणि त्यावर "ग्लुटेन नाही" असं छापू नका. चटणीचं भांडं न धुता त्यात दुसरा माल करू नका. कुणी विचारलं, "ताई, यात काय काय आहे?" तर सांगणारी बाई टेबलावर असू द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक रिकामं पाकीट घेऊन यावं. मोठ्याने वाचू, आणि मग आपल्या गटाच्या पिशवीवर काय लिहायचं ते तिथेच ठरवू.